नाव राहत्या पत्त्यावर असू द्या : इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
इंदूर शहरातील मराठी मंडळे, गणेशोत्सव समित्या, महिला मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ

विषय : मतदार म्हणून नाव नोंदवण्यास कोण पात्र आहे, याविषयी आपल्या समाजात पसरलेले गैरसमज आणि ते दूर करण्यासाठी मंडळांना विनंती

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आपल्यापैकी एका मंडळाचा कार्यक्रम संपल्यावर, चहा-पोह्यांच्या गर्दीत, मतदार यादीचा विषय निघाला. जळगावहून नोकरीसाठी आलेल्या आणि दोन वर्षांपासून भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या एका तरुणाने विचारले की, त्याला इथे नाव नोंदवता येईल का. तुझे मूळ गाव तिकडे, तेव्हा नावही तिकडेच राहायचे, असे त्याला सांगण्यात आले. नाशिकहून लग्न होऊन आलेल्या एका सुनेला आधी मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे राज्याचा रहिवासी असल्याचा दाखला, काढण्याचा सल्ला मिळाला. एका गृहस्थांनी, आईला आता माणसे ओळखू येत नाहीत म्हणून तिचे नाव यादीतून कमी करावे काय, असे विचारले आणि भोवतालच्या तिघांनी होकारार्थी मान हलवली. एका जोडप्याने समाधानाने सांगितले की, मुलगा आणि सून आठ वर्षांपासून बेंगळुरूला असले तरी दोघांची नावे इथल्या यादीत अजून सांभाळून ठेवली आहेत. सल्ला देणारी माणसे शिकलेली होती, आपुलकीने बोलत होती, आणि चारही बाबतींत त्यांचे चुकत होते.

मी शासकीय शाळेत शिक्षिका होते आणि नोकरीतली अकरा वर्षे बूथ लेव्हल अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना बीएलओ म्हणतो, ते काम माझ्याकडे होते. त्या काळात हजारो घरांचे दरवाजे मी ठोठावले. निवृत्तीनंतरही ओळखीची माणसे हेच प्रश्न घेऊन येतात, आणि आपल्या मराठी घरांमधून येणारे प्रश्न पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी अडखळतात, हे माझ्या लक्षात आले आहे. आपण मूळचे कुठले, आणि आपण राहतो कुठे, या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. सात-आठ पिढ्या माळव्यात काढलेल्या घराण्यांतसुद्धा 'आमचे मूळ गाव' हा शब्द इतक्या जिव्हाळ्याने उच्चारला जातो, की मतदार यादीलाही त्याच मापाने मोजावे असे वाटू लागते. कायदा मात्र मूळ गाव विचारत नाही.

कायदा काय विचारतो, ते आधी स्पष्ट मांडते. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका प्रौढ मताधिकारावर होतील असे ठरवले. त्याच्या आधीच्या ३२५ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कोणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही, आणि या कारणांवरून वेगळी यादीही करता येणार नाही, असे सांगितले. पुढचा तपशील १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. त्याच्या १९ व्या कलमानुसार दोनच अटी आहेत : अर्हता दिनांकाला, म्हणजे ज्या तारखेला वय मोजले जाते त्या दिवशी, वय अठरा वर्षे पूर्ण असावे आणि त्या मतदारसंघात अर्जदार सर्वसाधारणपणे राहत असावा. सोळाव्या कलमात अपात्रतेची तीन कारणे दिली आहेत. जी व्यक्ती भारताची नागरिक नाही, जिला सक्षम न्यायालयाने विकल मनाची म्हणून घोषित केले आहे, किंवा निवडणुकीतील भ्रष्ट आचरणाबद्दल अथवा निवडणूकविषयक गुन्ह्याबद्दल जी कायद्यानुसार त्या काळापुरती मतदानास अपात्र ठरली आहे, तिचे नाव नोंदवता येत नाही. यापलीकडे चौथे कारण नाही. शिक्षण, मालमत्ता, कर भरल्याची पावती, जातीचा दाखला, मूल निवासी प्रमाणपत्र, यांतले काहीही पात्रतेसाठी लागत नाही.

हे आज सहज लिहिता येते, कारण ते मिळवण्यासाठी कोणीतरी झगडले होते. इंग्रजी अमलात मत देण्याचा अधिकार जमीन, कर आणि शिक्षण यांच्या अटींना बांधलेला होता, आणि त्या अटींमुळे देशातील बहुसंख्य माणसे, त्यांत जवळजवळ सर्व दलित आणि बहुतेक स्त्रिया, यादीबाहेर राहत असत. आपल्या शहराशेजारच्या महू येथे १८९१ मध्ये जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना मताधिकाराचा प्रश्न मांडला, आणि पुढे १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे सरसकट प्रौढ मताधिकाराची मागणी केली. आपण १४ एप्रिलला महूला जातो, स्मारकापुढे हात जोडतो. आपल्या गल्लीतील भाडेकरूला 'घराचे कागद आण, मग बघू' असे सांगताना मात्र, बाबासाहेबांनी जी अट मोडून काढण्यासाठी युक्तिवाद केला, तीच अट आपण पुन्हा दारात उभी करतो. हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही.

बीएलओ म्हणून माझ्या पहिल्या वर्षी एक स्वयंपाकीण बाई माझ्याकडे आल्या होत्या. चार घरी पोळ्या करून त्या एका जुन्या वाड्याच्या मागच्या खोलीत राहत. वीजबिल मालकाच्या नावावर, भाडेकरार नाही, बँकेचे पासबुक माहेरच्या पत्त्यावर. मी त्यांना कागद आणा असे सांगून परत पाठवले. त्या पुन्हा आल्या नाहीत. नंतर प्रशिक्षणात समजले की, पत्त्याचा कागद नसेल तर बीएलओने प्रत्यक्ष जाऊन पाहावे, शेजाऱ्यांना विचारावे आणि माणूस तिथे राहतो एवढी खात्री करून अहवाल द्यावा, अशीच अपेक्षा आहे. ज्यांना घरच नाही, त्यांच्यासाठीसुद्धा वाट ठेवलेली आहे. अर्जात लिहिलेल्या जागी ती व्यक्ती खरोखर झोपते का, हे बीएलओने रात्री जाऊन पाहायचे असते, आणि ती तिथे आढळली तर पत्त्याचा पुरावा मागायचा नसतो. पुलाखाली झोपणाऱ्या माणसासाठी जी व्यवस्था आहे, ती मी चार भिंतींत राहणाऱ्या बाईला नाकारली होती. पुढच्या वर्षी मी त्या वाड्यात गेले तेव्हा त्यांनी खोली सोडली होती. ही चूक मला आजही सलते.

म्हणून 'सर्वसाधारण रहिवास' या शब्दापाशी मला थोडे थांबायचे आहे. कायद्याच्या हिंदी पाठात यासाठी 'मामूली तौर से निवासी' असे शब्द आहेत आणि ते वाचून पुष्कळांना हा रहिवास काहीतरी दुय्यम प्रकारचा असावा असे वाटते. अर्थ सरळ आहे : ज्या घरी माणूस रोजचे आयुष्य काढतो, जिथे रात्री परततो आणि जिथे राहत राहण्याचा त्याचा इरादा आहे, ते त्याचे राहते ठिकाण. कायद्याचे २० वे कलम याबाबत दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगते. एखाद्या मतदारसंघात घर मालकीचे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो तिथला रहिवासी नाही, असेही होत नाही. पहिल्या वाक्यात बेंगळुरूच्या मुलाचे उत्तर आहे आणि जळगावच्या तरुणाचेही. घर वडिलांचे असो वा स्वतःच्या नावावर झालेले असो, ज्याचा संसार आठ वर्षे बेंगळुरूला आहे त्याचे नाव बेंगळुरूच्या यादीत असायला हवे. ज्याच्या मालकीची इथे एक वीटही नाही, पण जो रोज रात्री इथल्या खोलीचे कुलूप उघडतो, त्याचे नाव इथे असायला हवे. दुसऱ्या वाक्याचा आधार तीर्थयात्रेला गेलेल्यांना, मुलीच्या बाळंतपणासाठी चार महिने पुण्याला राहिलेल्या आईला आणि उपचारासाठी मुंबईत थांबलेल्या रुग्णाला आहे. त्यांची नावे शेजाऱ्याच्या 'ते इथे दिसत नाहीत' एवढ्या सांगण्यावरून कमी होऊ नयेत.

घरमालकांच्या मनातली एक भीतीही इथे बोलून दाखवली पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेक जण घरमालक आहेत. भाडेकरूचे नाव आपल्या पत्त्यावर लागले तर उद्या तो घरावर हक्क सांगेल, अशी ही भीती आहे. मतदार यादीतील नोंद म्हणजे मालकीचा किंवा कुळाचा हक्क देणारा दस्तऐवज नव्हे. अमुक व्यक्ती अमुक ठिकाणी राहते आणि मतदार आहे, एवढेच ती सांगते. भाडेकराराच्या भानगडी भाड्याच्या कायद्याने सुटतात. मालकाने 'हो, हे इथे राहतात' एवढे खरे सांगण्याने त्याचे काही जात नाही. नोंदणीसाठी त्याची परवानगीही लागत नाही. रामबाग आणि नारायणबागेतल्या जुन्या वाड्यांपासून राजेंद्रनगरच्या बंगल्यांपर्यंत मी ही भीती पाहिली आहे, आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी दोन शब्द सांगितले तर ती जितक्या लवकर जाते तितकी कोणत्याही सरकारी पत्रकाने जात नाही.

शिकायला आलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे, पण सोपा आहे. भंवरकुआं परिसरात वसतिगृहांत आणि खोल्यांत राहणारी, विद्यापीठात, सिमरोलच्या आयआयटीत किंवा राऊच्या आयआयएममध्ये शिकणारी मुले हवे तर घरच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतात, हवे तर इथल्या पत्त्यावर नोंदवू शकतात. निवड त्यांची. दोन्हीकडे मात्र नाही.

दोन ठिकाणच्या नावांबद्दल मला थोडे कठोर बोलायचे आहे. आपल्या समाजात याकडे गुन्हा म्हणून पाहिले जात नाही, हे मला ठाऊक आहे. मुलाचे नाव इथल्या यादीत असणे ही आई-वडिलांना त्याच्या अस्तित्वाची खूण वाटते. त्याची खोली जशीच्या तशी ठेवावी तसे नावही ठेवले जाते. एका आईने नाव कमी करण्याच्या अर्जाला हात लावायलाच नकार दिला होता, कारण मुलाचे नाव आपल्या हाताने खोडायचे तिला अशुभ वाटले. त्या भावनेचा मी अपमान करणार नाही. परंतु कायद्याचे १७ वे कलम एकापेक्षा अधिक मतदारसंघांत आणि १८ वे कलम एकाच मतदारसंघात एकापेक्षा अधिक वेळा नाव नोंदवण्यास मनाई करते, आणि अर्जात आपले नाव दुसरीकडे नाही असे जाणूनबुजून खोटे लिहिल्यास ३१ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्या मुलांनी बेंगळुरू किंवा पुण्याला नवा अर्ज भरताना इथल्या नावाचा उल्लेख केला नाही, त्यांच्यावर हे सरळ लागू होते. खोडण्याचा अर्ज भरायचीही गरज नाही. मुलाने नव्या पत्त्यावरून फॉर्म ८ भरला, तर नाव इथून तिथे हलवले जाते. त्या आईला मी हेच सांगितले होते की, नाव खोडले जात नाही, ते मुलाच्या मागे जाते.

शहरातल्या शहरात घर बदलणाऱ्यांनाही हाच फॉर्म ८ लागतो. इंदूर शहरातच विधानसभेचे पाच क्रमांकित मतदारसंघ आहेत आणि वाढत गेलेल्या वस्त्या राऊसारख्या मतदारसंघांतही पसरल्या आहेत, त्यामुळे तीन किलोमीटरवर घर बदलले तरी मतदारसंघ बदललेला असू शकतो. पुष्कळ जण अशा वेळी नवीन मतदारांचा फॉर्म ६ भरतात आणि नकळत दुबार नाव तयार करतात. फॉर्म ६ आयुष्यात पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. स्थलांतर, दुरुस्ती, हरवलेले ओळखपत्र, दिव्यांग म्हणून नोंद, या सगळ्यांसाठी फॉर्म ८ आहे. मृत व्यक्तीचे किंवा चुकीचे नाव कमी करण्यासाठी फॉर्म ७ आहे.

आता सुनांकडे येते, कारण या पत्राला बसले ती मुख्यतः त्यांच्यासाठी. नाशिकची मुलगी इंदूरला लग्न होऊन आली आणि इथे नांदू लागली, की ती इथली सर्वसाधारण रहिवासी झाली. तिला किती वर्षे झाली हे कायदा पाहत नाही आणि मूल निवासी प्रमाणपत्राचा या नोंदणीशी संबंध नाही. राजकीय मते बाजूला ठेवून एक सर्वांना माहीत असलेले उदाहरण देते : चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन लग्न होऊन इंदूरला आल्या, १९८९ पासून सलग आठ वेळा या शहराने त्यांना लोकसभेत पाठवले आणि त्या सभागृहाच्या अध्यक्षाही झाल्या. जन्मगाव आड आले नाही. तरीही सुनेचे नाव नोंदवायचे काम आपल्या घरांत वर्षानुवर्षे मागे पडते. माहेरच्या यादीतून ते निघालेले असते किंवा लग्न झाले म्हणून शेजाऱ्यांनी काढायला लावलेले असते, आणि सासरच्या यादीत ते लागलेले नसते.

यात आपल्या एका प्रथेने भर घातली आहे. लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहिण्याची रीत अनेक घरांनी पाळली, आणि सुमनची शैलजा झाली. शाळेचा दाखला सुमन आणि वडिलांच्या आडनावाचा, रेशनकार्ड शैलजा आणि सासरच्या आडनावाचे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेशात मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले तेव्हा या प्रथेची किंमत किती आहे ते दिसले. २००३ च्या यादीत आपले नाव शोधायचे, आणि स्वतःचे नसल्यास आई-वडिलांचे शोधायचे, असे त्यात होते. सासू-सासऱ्यांची नावे चालणार नव्हती. तेव्हा माहेर महाराष्ट्रात असलेल्या सुना आपल्या वडिलांचे नाव तिकडच्या जुन्या याद्यांत, जुन्या मतदान केंद्राच्या भागांत शोधत बसल्या होत्या. भावाला फोन, काकाला फोन, शाळेचे नाव काय होते, वॉर्ड कुठला. ज्यांचे नाव लग्नात बदलले होते, त्यांना तीच मुलगी आपण आहोत हेही दाखवावे लागले. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, ज्यात लग्नापूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन्ही नावे आहेत, ते घरात जपून ठेवा, असे प्रत्येक महिला मंडळाने आपल्या सभासदांना सांगावे. आणि नव्या सुनेचे नाव बदलायचे की नाही, हे ठरवताना तिलाच विचारावे.

स्त्रियांच्या नावांचा हा प्रश्न जुना आहे आणि आपल्याच भागातला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची यादी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी स्त्रियांनी स्वतःचे नाव परक्या माणसाला सांगायला नकार दिला आणि त्यांची नोंद अमक्याची बायको, तमक्याची मुलगी अशी झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले. मुदत वाढवून दिल्यावरही सुमारे २८ लाख स्त्रियांनी नावे दिली नाहीत आणि त्या यादीबाहेर राहिल्या. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या ज्या मोजक्या राज्यांतल्या होत्या, त्यांत बिहार, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्याबरोबर मध्य भारत होते, म्हणजे ज्यात तेव्हा आपले इंदूर होते ते राज्य. आपल्याकडे उखाण्यात नवऱ्याचे नाव घेण्याचा आग्रह होतो. तिथे प्रश्न बाईच्या स्वतःच्या नावाचा होता. माझ्या कामाच्या काळातसुद्धा दार उघडणाऱ्या आजींना नाव विचारले तर 'यांचे लिहा ना' असे उत्तर यायचे. मी पेन खाली ठेवून थांबत असे, त्या स्वतःचे नाव उच्चारेपर्यंत.

नावांच्या लेखनाची अडचणही आपलीच आहे. याद्या हिंदीत असल्याने आपला ळ त्यांत अनेकदा ल होतो. काळे आडनावाचे काले होते, बाळकृष्णचे बालकृष्ण होते. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कोणी डी-एन ने लिहितो, कोणी जी-वाय ने. आधार कार्डावर एक, यादीत दुसरे, दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरे. संगणकावर शोधताना नाव सापडले नाही की, माणूस आपले नाव कापले गेले असे समजून घाबरतो किंवा नवा अर्ज भरून दुबार नोंद करतो. आधी ल आणि ळ दोन्हींनी शोधा, वडिलांच्या किंवा पतीच्या नावाने शोधा, ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. सापडले आणि अक्षर चुकलेले असेल, तर फॉर्म ८ ने दुरुस्त करून घ्या.

वयाबद्दल थोडक्यात. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत अठरा वर्षांच्या मुलांनी प्रथम मत दिले. त्यानंतरही बरीच वर्षे अर्हता दिनांक १ जानेवारी हा एकच होता. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या दुरुस्तीने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले आणि ते ऑगस्ट २०२२ पासून लागू आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीच्या गुणगौरव समारंभात आपण ज्यांना पेन आणि पुस्तके देतो, ती मुले नेमकी याच वयाची असतात.

ज्या गृहस्थांनी आईचे नाव कमी करण्याबद्दल विचारले, त्यांच्यासाठी पुन्हा १६ वे कलम. विस्मरण हा अपात्रतेचा निकष नाही. म्हातारपण नाही, अंथरुणाला खिळणे नाही, मानसोपचार सुरू असणेही नाही. सक्षम न्यायालयाने तसे घोषित केलेले नसेल, तर नाव राहिलेच पाहिजे. मुलगा, डॉक्टर किंवा बीएलओ यांपैकी कोणालाही हा निर्णय घेण्याचा अधिकार नाही. उलट, ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म १२-डी देऊन घरबसल्या टपाली मतदान करता येते, आणि त्यासाठी मतदान कर्मचारी घरी येतात. वृद्धाश्रमात राहणारे आजी-आजोबा तिथल्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतात.

परदेशातल्या मुलांबद्दलही विचारणा होते. भारतीय पारपत्र असलेला आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेला मुलगा फॉर्म ६-ए भरून पारपत्रावरील भारतातील पत्त्यावर नाव नोंदवू शकतो, मग त्याच्याकडे ग्रीन कार्ड असले तरी. मत द्यायला मात्र त्याला मूळ पारपत्र घेऊन स्वतः केंद्रावर यावे लागते. ज्याने परकी नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, असले तरी तो मतदार नाही. तसेच, आधार कार्ड ओळखीसाठी चालते, पण ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मंडळांकडून मला काय हवे आहे, ते आता सांगते. वर्षातून दोनदा, गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आणि २५ जानेवारीच्या राष्ट्रीय मतदार दिनाच्या सुमारास, सभागृहाच्या प्रवेशापाशी मतदार मदत टेबल असावे. त्यावर कोणत्याही पक्षाचे चिन्ह, रंग किंवा पत्रक नसावे आणि त्या टेबलावर बसणारी व्यक्ती कोणत्याही पक्षाची पदाधिकारी नसावी. मंडळाने कोणाचेही भरलेले अर्ज स्वतःकडे जमा करून ठेवू नयेत; अर्जदाराने तो ऑनलाइन भरावा किंवा स्वतः बीएलओकडे द्यावा आणि पोच घ्यावी. टेबलावरच्या माणसाने फक्त समजावून सांगावे, यादीत नाव शोधून द्यावे, आणि अडले तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन लावून द्यावा. मतदार ओळखपत्र हाती आहे म्हणून निश्चिंत झालेल्यांना यादी दाखवावी, कारण यादीत नाव नसेल तर ओळखपत्र असूनही मत देता येत नाही. महापालिकेच्या निवडणुकीची यादी राज्य निर्वाचन आयोग वेगळी करतो, तेव्हा तीही त्या-त्या वेळी तपासायला सांगावी.

ज्यांचा अर्ज नाकारला गेला, त्यांच्या पाठीशी मंडळाने उभे राहावे, ही आणखी एक विनंती. नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि यादीतून नाव काढण्याआधी त्या व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. हे अपील साध्या कागदावर लिहून देणारे निवृत्त वकील आणि कारकून आपल्या प्रत्येक मंडळात आहेत. मंडळाच्या सभासद नसलेल्यांनाही, म्हणजे आपल्याकडे पोळ्या करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आणि गाड्या पुसणाऱ्यांनाही, ही मदत मिळावी. त्यांना मूळ गाव कुठले हे विचारू नये. कुठे राहता, एवढेच विचारावे.

जळगावच्या त्या तरुणाचा फॉर्म आम्ही परवा एकत्र बसून भरला. नोंद त्याची कुठेच नव्हती, म्हणून फॉर्म ६. घरमालकांनी वीजबिलाची प्रत स्वतःहून दिली. नाशिकच्या सुनेचा फॉर्म ८ या रविवारी भरणार आहोत. बेंगळुरूच्या मुलाशी त्याच्या वडिलांनी बोलायचे कबूल केले आहे. येत्या गणेशोत्सवात ज्या मंडळांना टेबल लावायचे असेल त्यांनी कळवावे. दहा दिवस संध्याकाळी सहा ते नऊ मी येऊ शकते. यादी पाहण्यासाठी इंटरनेट असलेला एक संगणक, एक टेबल आणि तीन खुर्च्या एवढी सोय मंडळाने करावी. कोरे फॉर्म मी घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका आणि माजी बीएलओ
रामबाग, इंदूर